आधी रिकामी पेटी सांभाळा

'लो मेंटेनन्स पेट'! साप, सरडा नाहीतर कासव पाळायचा विषय निघाला की आपल्या हॉस्टेलमध्ये हा शब्द हमखास ऐकू येतो. कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजर केस गाळतं, पोपट पहाटे पाचला ओरडतो. बॉल पायथनचं काय? आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खातो, आवाज करत नाही, आणि वर इंप्रेशन सॉलिड! परदेशी सरपटणारे प्राणी आता पुण्या-मुंबईत सहज विकत मिळतात. त्यामुळे दर सेमिस्टरला कोणाच्या तरी डोक्यात हा किडा वळवळतोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा 'लो मेंटेनन्स'चा फंडा साफ खोटा आहे. या प्राण्यांना मेंटेनन्स कमी लागतो असं नाही, तो फक्त आपल्याला दिसत नाही. कुत्र्याची भूक दिसते, ऐकू येते. सापाला पिंजऱ्यात रोज जे लागतं ते हवेत असतं, आणि हवा दिसत नाही. ऊब तरी हाताला कळते. आर्द्रता हाताला कळत नाही, आणि लोक नेमके तिथेच मार खातात. म्हणजे खरं तर ते खात नाहीत, प्राणी खातो.

आपण मराठीत सहज म्हणतो, 'अमक्या कंपनीने कात टाकली', 'गावाने कात टाकली'. जणू काही कात टाकणं म्हणजे शर्ट बदलणं! प्रत्यक्षात सापाच्या आयुष्यातलं हे नाजूक काम असतं. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, डोळे दुधाळ होतात, काही दिवस त्याला नीट दिसत नाही. हवेत आणि अंगात पुरेसं पाणी असेल तर कात तोंडापासून शेपटीपर्यंत मोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघते. नसेल तर तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि काही तुकडे अंगावरच राहतात. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघायला हवा. नाही निघाला तर जुन्या काचेवर नवी काच असं होतं. शेपटीच्या टोकाशी कातीचं कडं राहिलं तर ते वाळून आवळत जातं आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो.

हे पुस्तकी नाही. शेजारच्या विंगमधल्या एकाने घरी बॉल पायथन पाळला होता. मार्चमध्ये त्याची कात अडकली. पेटीत घड्याळासारखा काट्याचा हायग्रोमीटर होता आणि तो ६० टक्के दाखवत होता. पेटीबाहेर काढला तरी ६०, एसी लावलेल्या खोलीत ठेवला तरी ६०! काटा केव्हाच अडकला होता. डॉक्टरांकडे नेईपर्यंत शेपटीचं टोक काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. साप वाचला. पण त्या सगळ्या दिवसांत त्याने एकदाही आवाज केला नाही, कारण दुखलं म्हणून साप ओरडत नाही. 'आवाज नाही' हा जो फायदा म्हणून सांगितला जातो ना, तोच या प्राण्याचा सगळ्यात मोठा तोटा आहे.

आता थोडं फिजिक्स. एफवाय आठवून कोणी पान उलटू नये, व्हायवा नाही घेत आहे! मी कॉन्व्हेंटमध्ये 'रिलेटिव्ह ह्युमिडिटी' म्हणून पाठ केलं, मार्क मिळाले, विषय संपला. मराठी मीडियममधून आलेल्या माझ्या रूममेटने 'सापेक्ष आर्द्रता' म्हटलं तेव्हा ट्यूब पेटली. सापेक्ष, म्हणजे कशाच्या तरी तुलनेत. २६ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साधारण २४ ग्रॅम वाफ धरते, ३२ अंशांना जवळजवळ ३४ ग्रॅम. म्हणजे पेटीत सगळीकडे घनमीटरला १७ ग्रॅम वाफ असेल, तर गार टोकाला आर्द्रता ७० टक्के आणि दिव्याखालच्या गरम टोकाला सुमारे ५० टक्के. हवा तीच, पाणी तेच, आकडे दोन आणि दोन्ही बरोबर. त्यामुळे 'तुझ्या पेटीत आर्द्रता किती?' हा प्रश्नच अर्धा आहे. 'कुठे, आणि त्या जागी तापमान किती?' हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

यातून दुसरी गोष्ट कळते. परदेशातल्या पुस्तकातला तक्ता उचलून आपल्या खोलीत चालत नाही. तिकडचा माणूस हिवाळ्यात हीटरने कोरड्या पडलेल्या घरात बसून लिहितो. आपल्याकडे पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा विशी-पंचविशीत येते, ऑगस्टच्या सकाळी ऐंशीच्या वर असते. विदर्भातला मे आणि मुंबईतला जुलै हे तर दोन वेगळे ग्रह आहेत. ३८ अंश आणि २० टक्के अशी बाहेरची हवा ३० अंशांच्या पेटीत आली तर ती जेमतेम ३० टक्के भरते. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७५ टक्के लागतात, कात टाकताना त्यातही वरच्या बाजूला. ही तूट आपण भरून काढायची आहे, रोज.

उलट उदाहरण बिअर्डेड ड्रॅगनचं. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला सरडा, त्याला ३० ते ४० टक्के पुरतात. त्याला जुलैत मुंबईत आणलं की लोचा उलटा. दिवसा दिव्याखाली ४० अंशांना तीच दमट हवा पन्नाशीच्या खाली येते, म्हणून मालक खूश. रात्री दिवा बंद झाला की आकडा पुन्हा ऐंशीच्या वर. दिव्याने एक ग्रॅमही पाणी बाहेर काढलेलं नसतं, फक्त मापाची पट्टी मोठी केलेली असते. ओल आणि गारवा एकत्र आले की श्वसनाचे आजार आणि बुरशी यांना आमंत्रणच. आणि या प्राण्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, घरघर, तोंडाशी बुडबुडे अशी लक्षणं दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

'मग स्प्रे मारू की!' हे उत्तर मला प्रत्येकाने दिलं आहे. जरा हिशोब करू. चार फूट बाय दोन बाय दोनची पेटी म्हणजे ०.४५ घनमीटर. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला त्या अख्ख्या पेटीतल्या हवेत पाणी किती? दहा ग्रॅमसुद्धा नाही. दोन चमचे! तुम्ही अर्धा ग्लास पाणी फवारलं तर हवेने तिच्या वाटणीचं घेतलं आणि बाकीचं गेलं काचेवर, तळाला आणि सापाच्या पोटाखाली. तासाभरात जाळीतून हवा बदलली की ते दोन चमचेही गेले. म्हणजे हवा कोरडी आणि जमीन चिखल, दोन्हीकडून तोटा. सतत ओल्या जमिनीवर पडून राहिलं की पोटाचे खवले सडतात, आणि मालक सांगतो, 'अरे, मी तर दिवसातून चार वेळा पाणी मारत होतो.'

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पटेल असं सांगायचं तर स्प्रे हा स्पाइक आहे, आपल्याला कपॅसिटर हवा. आणि कपॅसिटर म्हणजे तळाची माती. पेटीतली हवा तासाला एकदा बदलते आणि प्रत्येक वेळी पाचेक ग्रॅम वाफ घेऊन जाते असं धरलं, तर दिवसाला १२० ग्रॅम पाणी हळूहळू सुटत राहायला हवं. वर्तमानपत्राच्या तळाला हे जमत नाही. नर्सरीत मिळणाऱ्या कोकोपीटचा तीन-चार इंच थर असेल, खालचा भाग ओलसर आणि वरचा कोरडा, तर ते जमतं. पाणी वरून मारायचं नाही, कोपऱ्यातून खाली ओतायचं. पाण्याचं पसरट भांडं गरम बाजूला सरकवलं की वाफ वाढते. जाळीचं झाकण असेल तर बराचसा भाग झाकायचा, पण सगळा नाही.

'सगळा नाही' यावर माझा जोर आहे. इंग्रजीत 'ह्युमिड' हा एकच शब्द सगळीकडे चालवतात. आपल्याकडे दोन आहेत, दमट आणि कोंदट. आई कपाट उघडून 'कोंदट वास येतोय' म्हणते तेव्हा तिचा रोख नुसत्या पाण्यावर नसतो, हवा हलत नाही यावर असतो. जंगलातली हवा दमट असते. प्लॅस्टिकने गच्च बंद केलेली पेटी कोंदट असते. दोन्हीकडे मीटर ८० दाखवेल, पण एकीकडे प्राणी जगतो आणि दुसरीकडे बुरशी. मीटरला हा फरक कळत नाही. पेटी उघडल्यावर आपल्या नाकाला कळतो, तेव्हा नाक वापरा.

फॉगरचंही तेच. धुकं दिसतं भारी, फोटोला तर जामच छान. पण धुकं म्हणजे वाफ नव्हे, ते पाण्याचे बारीक थेंब. टाकी आठवडाभर धुतली नाही तर त्यातले जंतूही आपण थेट फुप्फुसात पाठवतो. कोणी 'ऑर्डिनो, सेन्सर आणि रिले लावून ऑटोमॅटिक करतो' म्हणेल. दरवर्षी प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये असं एक टेबल असतंच आणि मला ते आवडतं. पण सेन्सर ओल्या कोपऱ्यात पडला तर? रिले चिकटून 'ऑन'च राहिला तर? डीएचटी-११ हा आपला सगळ्यांचा लाडका स्वस्त सेन्सर पाच टक्के इकडे-तिकडे चालतो, हे त्याच्या डेटाशीटमध्येच लिहिलं आहे. ६५ म्हणजे ६० असेल किंवा ७० असेल. डेमोच्या दिवशी चूक स्क्रीनवर दिसते. इथे ती फुप्फुसात दिसणार, तीही पंधरा दिवसांनी.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. खर्च शून्य. मेसमधून चमचाभर मीठ घ्या (मावशींना विचारून), बाटलीच्या झाकणात ठेवा, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करा, मीठ मीटरला लागू देऊ नका, आणि एक दिवस सावलीत ठेवा. ओल्या मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा निसर्गाचा ठरलेला आकडा आहे. मीटर ८२ दाखवत असेल तर त्या पट्ट्यात तो सात जास्त दाखवतो, हे लक्षात ठेवा. ५५ ते ६० च्या पुढे सरकतच नसेल तर फेकून द्या.

यावर मला नेहमी एक प्रश्न येतो, 'जंगलात कोण मोजतं?' प्रश्न चांगला आहे. जंगलात स्वतः प्राणी मोजतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. नकाशात गवताळ, कोरडा प्रदेश दिसतो म्हणून लोक त्याला कोरडं ठेवतात. पण तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो, आणि बिळातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच दमट असते. कोरडं वाटलं की तो खोल जातो, ओल जास्त झाली की वर येतो. त्याचा कंट्रोलर म्हणजे त्याचं हलणं. पेटीत घालून आपण तोच काढून घेतला. म्हणून पेटीला दोन टोकं हवीत: एक गरम आणि कोरडं, एक गार आणि दमट. शिवाय ओलसर मॉस घातलेला एक बंदिस्त डबा, ज्यात तो हवं तेव्हा शिरेल. नेमकेपणापेक्षा निवड महत्त्वाची. एक आकडा अचूक पकडण्याच्या नादात सगळी पेटी सारखी करणारा मालक हुशार वाटतो, पण प्राण्याला पळायला जागाच उरत नाही.

आणि हे फक्त सापापुरतं नाही. पाळलेल्या कासवांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. त्याचा दोष वर्षानुवर्षं जास्त प्रोटीनच्या खाण्यावर टाकला जायचा. २००३ मध्ये वीसनर आणि इबेन यांनी आफ्रिकन सल्काटा कासवाच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की प्रोटीनचा परिणाम किरकोळ होता, खरा फरक कोरड्या हवेने पडला. वाळवंटाच्या कडेला राहणारं कासव म्हणून लोक त्याला कोरडं ठेवत होते! पाठीवर एकदा आलेले ते उंचवटे पुन्हा सपाट होत नाहीत.

ओघात कायद्याचंही सांगते. आपलं स्टार कासव, घोरपड, इथले साप हे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली येतात. ते घरी ठेवणं गुन्हा आहे, आर्द्रता कितीही परफेक्ट असो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणीही कायद्याच्या कक्षेत आले, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बॉल पायथन आणि इग्वाना त्यात येतात. 'दुकानदार म्हणाला काही लागत नाही' हे उत्तर चालणार नाही.

मग करायचं काय? माझी सूचना अशी. ज्याला सरपटणारा प्राणी पाळायचा आहे त्याने आधी एक महिना रिकामी पेटी पाळावी. खरी पेटी, खरा दिवा, खरी माती, मिठाने तपासलेले दोन मीटर, दोन टोकांना. सकाळी, दुपारी, रात्री असे दिवसातून तीन वेळा आकडे वहीत लिहायचे. महिना असा निवडायचा की त्यात एक सबमिशन आणि एक सुट्टी यावी. लाइट गेली तर काय झालं ते लिहायचं. गावाला गेलात तर आकडे कोणी घेतले ते लिहायचं. महिनाभरात पेटी ठरवलेल्या मर्यादेत राहिली तर तुम्ही प्राण्याचा विचार करायला मोकळे. वहीत चार दिवस कोरे असतील तर उत्तर मिळालं. रिकाम्या पेटीत ते चार दिवस फुकट गेले, पेटी भरलेली असती तर नसते गेले.

कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर पाळूच नये. मी तसं म्हणत नाही. मन लावून, अभ्यास करून पाळणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे प्राणी वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे आज सेकंड इयरला घेतलेला साप आपल्या डिग्रीला, पहिल्या नोकरीला, बदलीला आणि बहुधा लग्नालाही हजर असणार! चार वर्षांत तीन खोल्या बदलणाऱ्या माणसाने हा हिशोब करावा. म्हणून हॉस्टेलच्या खोलीत हे प्राणी नकोत, या मतावर मी ठाम आहे. दिवाळीत आपण सगळे घरी जातो, मेन स्विच बंद होतो, आणि सापाचे डॉक्टर गल्लोगल्ली नसतात.

इथे वॉर्डन सर-मॅडमना एक विनंती. 'पाळीव प्राणी आणू नयेत' ही नोटीस बरोबरच आहे. पण तिच्यामागचं कारण म्हणून 'साप आहे, चावेल, मुलं घाबरतील' असं सांगितलं की ते पोरांना पटत नाही आणि मग पलंगाखाली पेट्या लपतात. लपवलेली पेटी म्हणजे बंद, अंधारी, कोंदट पेटी. खरं कारण सांगा: ही खोली त्या प्राण्याला जगवू शकत नाही. आणि ज्यांना खरंच हौस आहे त्यांना रिकामी पेटी मिनी प्रोजेक्ट म्हणून करू द्या. सेन्सर, कंट्रोल, हीट ट्रान्सफर, सगळं त्यात आहे. जर्नल कॉपी करण्यापेक्षा शिकायला नक्कीच जास्त मिळेल.

आणि ज्यांच्या घरी आत्ताच एखादा प्राणी आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. अडकलेली कात चिमट्याने ओढू नका, डोळ्यावरची तर अजिबात नाही. हवेची भोकं असलेल्या डब्यात ओलसर, कोमट फडकं घालून प्राण्याला थोडा वेळ आत ठेवा, बऱ्याचदा कात आपोआप सुटते. नाही सुटली तर थेट डॉक्टर. आणि आज घरी फोन कराल तेव्हा 'जेवला का?' इतकंच विचारू नका. गरम टोकाला किती आणि गार टोकाला किती, दोन्ही आकडे विचारा.